फुलातला रवा

“काप! माझ्या डोळ्यांदेखत काप! दोन तुकडे कर, चार कर, पण आत्ताच्या आत्ता काप!”

जळगावच्या सराफ बाजारात, एका दुकानाच्या पहिल्या मजल्यावर, गादीवर उभं राहून हे ओरडणारा माणूस मी होतो. आवाज असा लागला होता की खाली रस्त्यावरच्या रिक्षा आपोआप बाजूला झाल्या, आणि शेजारच्या दुकानात भावावरून तासभर अडून बसलेल्या एका बाईनं घाबरून सांगितलेल्या भावात पोत घेऊन टाकली. त्या दुकानदारानं खूश होऊन मला चहा पाठवला, असं मी सांगत असतो. चहा आम्ही बसलो होतो त्याच दुकानातला होता. पण मी ओरडलो हे खरं, आणि ज्याच्यावर ओरडलो ते माझ्या बायकोच्या उजव्या कानातलं सोन्याचं फूल होतं, हेही खरं. या लिखाणात वाढवलेलं काय आणि घडलेलं काय ते मी जागच्या जागी सांगत जाणार आहे. एरवी मला ती सवय नाही. ती नव्हती म्हणूनच हे सगळं झालं.

माझं जामनेरला खता-बियाण्यांचं दुकान. दुकानापुढे बाकडं, बाकड्यावर गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक बाकड्यावर टिकवायचं तर तोंड चालतं ठेवावं लागतं. माझ्याकडून नेलेल्या केळीच्या रोपाला एवढा घड आला की उतरवायला क्रेन बोलवावी लागली. भडगावला गिरणेच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडे गेलो आणि म्हशीला वाटेत झोप लागली. असल्या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्यात की ती म्हैस आता मला स्वतःला आठवते. माणसं ऐकतात, हसतात, आणि सोनार जुन्या डागिन्यातून घट वजा करतो तशी माझ्या बोलण्यातून घट वजा करून उरलेलं घरी नेतात. बहुतेक वेळा हात हलवतच जातात.

आमच्या धंद्यात अशी रीत आहे की ठरलेला माल उचलला की कंपनी दुकानदाराला जोडीनं परदेश दाखवते. त्या स्कीममधून आम्ही बालीला गेलो. खान्देशातली वीस जोडपी, चाळीस बॅगा, आणि प्रत्येक बॅगेत कळण्याच्या भाकरीचं पीठ, शेव, पापड आणि ठेचा. विमानतळावर एका अधिकाऱ्यानं ठेच्याची बरणी उघडली आणि त्याला तीन दिवस रजा टाकावी लागली. (शिंकला होता. एकदाच.)

खरेदीला मात्र आमच्यासारखी माणसं जगात नाहीत, आणि यात मी काही वाढवत नाही. बस थांबली की वीस पुरुष एकदम उतरायचे. पहिलं काम, वस्तू हातात घेऊन तोलून बघणं. जे वजनावर विकलं जात नाही त्याच्यावर आमचा विश्वास बसत नाही. एका म्हाताऱ्या सुतारानं महिनाभर कोरलेला लाकडी मुखवटा आमच्यातल्या एकानं हातावर झुलवला आणि त्याला विचारलं, “किलोभर भरेल का?” दुसरं काम, सांगितलेल्या किमतीच्या निम्मं बोलून पाठ फिरवायची आणि दारापर्यंत सावकाश चालायचं. पाय पुढे, कान मागे. हाक आली की जिंकलो. परतीच्या दिवशी बघितलं तर वीसच्या वीस जणांनी एकाच छापाचे रंगीत शर्ट घेतलेले, आणि छाप कसला, तर केळीच्या पानांचा. ज्यांच्या घरच्या खिडकीतून केळीच्या पानांशिवाय दुसरं काही दिसत नाही ती माणसं समुद्र ओलांडून केळीची पानं विकत घेऊन आली.

बायको या धामधुमीत नव्हती. ती दुकानात शिरायची, एखाद्या कापडावरून हात फिरवायची, घडी होती तशी करून ठेवायची आणि बसमध्ये येऊन बसायची. तिनं काही मागितलं नाही. बत्तीस वर्षांत मागितल्याचं मला आठवत नाही. घरातली कढईसुद्धा ती मला विचारून बदलायची.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिच्या उजव्या कानातल्या फुलाची दांडी तुटली. ती कर्णफुलं तिच्या आईची. तिच्या वडिलांनी याच जळगावच्या बाजारातून घेतलेली, आईच्या कानांवरून हिच्या कानांवर आलेली, आणि दोन जन्म वापरून चिंचेच्या पानासारखी पातळ झालेली. गाइड म्हणाला, जवळच सोनारांचं गाव आहे, डाग देऊन सांधून मिळेल.

एका घराच्या अंगणात पत्र्याखाली माझ्याच वयाचा एक माणूस मांडी घालून बसला होता. शेजारी टोपलीखाली झाकलेला कोंबडा, पुढ्यात लाकडी ठोकळा. त्यानं तुटलेलं फूल उजेडात धरलं, बोटावर आडवं ठेवलं आणि मान हलवली. खुणेनं दाखवलं की आच दिली तर वितळून पाणी होईल. मग डबीतून स्वतःचं केलेलं एक फूल काढून हिच्या तळहातावर ठेवलं. मिटलेल्या कळीसारखं, आतून पोकळ, आणि वर खसखशीएवढे सोन्याचे रवे ओळीनं बसवलेले. नुसत्या डोळ्यांनी मोजायला गेलो तर मला चक्कर आली. (आली नाही. पण मोजणं सोडून दिलं.)

हिनं ते बराच वेळ बघितलं. मग डाव्या कानातलंही फूल काढलं, दोन्ही त्याच्या हातात दिली आणि चक्क मराठीत म्हणाली, “मोडा.”

त्याला कळलं. मलाच कळलं नाही.

“अगं, आईची आहेत ती!”

“आईचीच राहतील. सोनं कुठे जातंय?”

जुनं मोडून नवं घडवायचं, यात आमच्याकडच्या कुठल्याही बाईला काही वाटत नाही. मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तिनं मला विचारलं नव्हतं.

पुढच्या दिवशी सगळी बस ज्वालामुखी बघायला गेली. ही म्हणाली, मी तिथे जाऊन बसते, आपलं सोनं आहे. जळगावची बाई आपलं सोनं नजरेआड होऊ देत नाही. मी चरफडत तिच्याबरोबर गेलो. माझा ज्वालामुखी बुडाला, आणि आज विचाराल तर त्या सगळ्या सहलीतला तेवढाच दिवस मला खराखुरा आठवतो, बाकीच्यावर मी इतके थर चढवलेत की खाली काय होतं कोण जाणे.

सोनारानं हिच्यादेखत तोलून आकडा कागदावर लिहिला होता. मग मूस, फुंकणी, पिवळा ठिपका. रवे चिकटवायला तो एका वाटीत लाल बी घासत होता. ही पुढे वाकली. “अहो, गुंज!” खरंच गुंज होती. लाल, डोक्यावर काळा ठिपका. “आपल्याकडे गुंजेनं सोनं तोलायचे, आणि हा चिकटवतो,” म्हणाली, आणि एवढी हसली की त्याची बायको कॉफी घेऊन बाहेर आली आणि काय झालं ते न कळता तीही हसायला लागली. त्या दोघी दिवसभर बोलत होत्या. ही मराठीत, ती तिच्या भाषेत. मला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही. जन्मात पहिल्यांदा मी आठ तास गप्प बसलो.

त्यानंतरच्या दिवशी फुलं तयार. त्यानं तराजूत टाकली, तर काटा कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी. मग त्यानं चिमट्यात धरून एक रवा दाखवला, घडवून उरलेला, मोहरीएवढा. आमच्या समोर तो रवा उजव्या फुलाच्या पोटात टाकला, वरून टिकली बसवली, डाग दिला. पुन्हा तोललं. काटा आकड्यावर. तुमचं ते तुमच्याजवळ, असं त्यानं दोन्ही हात उघडे करून दाखवलं. नंतर फूल हिच्या कानाशी नेऊन हलकेच हलवलं.

परतीच्या विमानात ही सारखी मान तिरकी करत होती. मला वाटलं, मान धरली.

“वाजतं,” ती म्हणाली.

“कुठे? मला नाही ऐकू येत.”

“इकडे या.”

मी माझा कान तिच्या कानाला लावला. चिमणीनं पत्र्यावरचा एक दाणा टिपावा, एवढाच आवाज. पट्टे बांधून बसलेल्या तीनशे माणसांत बत्तीस वर्षांचा जुना नवरा बायकोच्या कानाला कान लावून बसलेला. हवाई सुंदरी येऊन काही हवंय का विचारून गेली.

एवढी ही गोष्ट. हीच मी जामनेरला येऊन सांगायला हवी होती. पण बाकड्यावर बसलेल्यांनी जेव्हा विचारलं, “काय भाऊ, काय आणलं बालीहून?” तेव्हा ‘बायकोनं आईची फुलं मोडून नवी केली’ हे वाक्य जिभेवर आलं आणि मला ते फार किरकोळ वाटलं. त्यात मी कुठेच नव्हतो. म्हणून मी सांगितलं की ही फुलं तिथल्या राजघराण्याच्या सोनारानं घडवली. सोनं ज्वालामुखीच्या राखेतून वेचलेलं. असे जोड जगात तीनच, एक राणीकडे, एक देवळात, आणि एक जामनेरात. जो ज्वालामुखी मी बघितलासुद्धा नव्हता, त्याच्या पोटात मी माझ्या सासूबाईंचं सोनं टाकून आलो. बायको आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. मग आत गेली.

त्या हिवाळ्यात माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामेभाऊ धुळ्याकडचा, बोलतो अहिराणीत, सगळे त्याला नाना म्हणतात. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, आणि ते चार महिने तो साठ वर्षं वापरतोय. धुळ्यात सराफ कमी नाहीत, पण लग्नाचं सोनं घ्यायचं तर जळगावलाच, आणि जायचं ते दोन्हीकडच्या सगळ्या मंडळींनी मिळून. आम्ही दोघं आणि आणखी चौदा जण त्या गादीवर बसलो होतो. मुलीचा हार ठरला, तोंडं गोड झाली, आणि व्याही माझ्या बायकोकडे बघून सहज म्हणाले, “वहिनींच्या कानातली फुलं काही वेगळीच दिसतात.”

बस. मला व्यासपीठ मिळालं. राजा, राख, राणी, देऊळ, सगळं काढलं. ज्वालामुखी असा पेटवला की दुकानातला एसी कमी पडला.

नाना मांडी ठोकून हसला. “दखा मंडळी! जळगावमा बसीसन हाऊ आमले ज्वालामुखीनं सोनं दखाडस! वहिनी, जरा दखू द्या बरं.”

हिनं उजव्या कानातलं काढून दिलं. नानानं ते कानाशी हलवलं आणि त्याचे डोळे चमकले.

“वाजस! आतमा काहीतरी भरेल शे. वाळू व्हई. नही तं लाख.”

“नाना, तो रवा आहे. उरलेलं सोनं त्यानं आत टाकलंय.”

“उरेल सोनं परत देस? सोनार?” नानानं सगळ्यांकडे बघितलं, आणि सगळे हसले. सराफही हसला, पण खाली बघून. त्यानं फूल कसोटीवर घासलं, सोनं चांगलं आहे म्हणाला. मशीनवर ठेवलं, मशीनही तेच म्हणालं.

“मशीन वरवर दखस,” नाना म्हणाला. “पोटमा काय शे ते काप्याशिवाय समजाव नही.”

आता मात्र मी घाबरलो, आणि घाबरून खरं बोललो. “नाना, हे बालीचं सोनं नाहीच. हे इथलं आहे, याच बाजारातलं. हिच्या आईची फुलं मोडून केलीत.”

मग नाना असा हसला की त्याची टोपी गादीवर पडली.

“आत्तेच ज्वालामुखीनं व्हतं, लगेच जळगावनं व्हई गयं! अरे, एक तरी ठिकाण धर ना भो!”

चौदा माणसं हसत होती. होणारी नवरी तोंडावर ओढणी घेऊन, व्याही सभ्यपणे, चहा देणारासुद्धा. जन्मभर माझ्यावर माणसं हसली ती मला हवी तेव्हा हसली. हे हसणं मी मागवलेलं नव्हतं. मी एक खरं वाक्य बोललो होतो आणि त्या वाक्याला तिथे कोणी उभंसुद्धा करत नव्हतं.

“लाव पैज,” मी म्हणालो. “खोटं निघालं तर असोद्याच्या मळ्यात सगळ्यांना भरीत-पुरी माझ्याकडून.”

“आणि खरं निंघनं तं मन्हाकडथून. पण काप पहिले.”

सराफ मला म्हणाला, “भाऊ, नाजूक काम आहे. परत असं जमायचं नाही आमच्याकडे. नक्की?”

तेव्हा मी उभा राहिलो आणि ओरडलो. पहिल्या ओळीत लिहिलंय तेच.

मागच्या खोलीतून कारागीर कातर घेऊन आला. ठोकळ्यावर फूल ठेवलं. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. झाला नाही. नखं कापल्यासारखा झाला. दोन्ही अर्धी उताणी पडली, आतून बाहेरच्यापेक्षाही जास्त पिवळी, स्वच्छ, आणि मधून तो मोहरीएवढा रवा घरंगळत ठोकळ्याच्या कडेला जाऊन थांबला. सराफानं तोही घासून बघितला. मग चष्मा काढून म्हणाला, “भाऊ, एक नंबर आहे. तिन्ही एकच सोनं.”

“बघा!” मी ओरडलो. “बघा! खरं बोललो की नाही! नाना, बघ!” मी ते तुकडे तळहातावर घेऊन चौदाही जणांना फिरून दाखवले. नाचलोच म्हणा ना. एखाद्यानं घराला आग लागलीय हे सिद्ध करायला घर पेटवावं आणि धूर दाखवत फिरावं, तसा मी फिरत होतो. फिरत फिरत बायकोपुढे आलो, आणि सवयीनं तिलाही दाखवले. तिनं बघितले. एक हात उजव्या कानाच्या पाळीवर होता.

कारागिरानं तासाभरात फूल जोडून आणलं. चांगला माणूस. सांधा घासून साफ केला होता, तरी मधून केसाएवढी रेघ दिसत होती, आणि त्या रेघेवरचे रवे गेले होते. त्यानं ते हिच्यासमोर हलवून दाखवलं आणि अभिमानानं म्हणाला, “आत खुळखुळत होतं ना, ते काढून टाकलं. आता मुळीच वाजणार नाही.” रवा त्यानं प्लॅस्टिकच्या इवल्याशा पिशवीत घालून वेगळा दिला. मी म्हटलं, परत आत टाक. तो म्हणाला, आता पुन्हा उघडलं तर फुलाचा पातळ पत्रा चेपून बसेल, काहीच हाती राहणार नाही.

नानानं पैज पाळली. असोद्याच्या मळ्यात हिरव्या वांग्यांचं भरीत झालं. मी त्या दिवशी साठ पुऱ्या खाल्ल्या असं धुळे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. दोन खाल्ल्या. नाना पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय भो, आयुष्यमा एकदा खरं बोलना, तं ते बी कापीसन दखाडनं पडनं.” सगळे हसले. मीही हसलो. नाना माणूस वाईट नाही, आणि त्याचं म्हणणं तर मुळीच चुकीचं नव्हतं.

ही फुलं आता ती घालत नाही. म्हणजे घालते, लग्नाकार्याला, पण मान तिरकी करत नाही. एरवी कानात साधे खडे असतात. ती प्लॅस्टिकची पिशवी कुंकवाच्या डबीत आहे. कधीमधी डबी हलते आणि आतून तो दाणा टिपल्याचा आवाज येतो, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसलात. दुकानात बाकड्यावर अजून गप्पा होतात. केळीचा घड सांगतो, म्हैस सांगतो. बालीचं विचारलं कोणी, तर पाऊस होता म्हणतो.

परवा दुपारी ती ओट्यावर बसून ठेच्यासाठी हिरव्या मिरच्यांची देठं काढत होती. मी दुकान बंद करून जेवायला आलेलो. कसं कोण जाणे, विषय निघाला. मीच काढला असणार. म्हटलं, बालीला परत जाऊ, त्याच सोनाराकडे, दोन्ही फुलं मोडू, रवा घालून नव्यानं करून घेऊ. ती देठं काढत राहिली. मग इतके दिवस घशात अडकलेलं बोललो. दोष तिच्यावर जाईल तर बरं, एवढी लबाडी त्यात होतीच, ती लपवत नाही.

“पण मी म्हणतो, तू तर तिथे होतीस ना? तुझ्या आईचं सोनं, तुझ्यासमोर मोडलं, तुझ्यासमोर रवा टाकला. त्या दिवशी सराफाकडे चौदा माणसांपुढे मी एकटा घसा फोडत होतो. तू एवढं एक वाक्य बोलली असतीस, की हे खरं आहे, मी बघितलंय, तर नानानं तुझा शब्द मोडला असता का? कातर लागली असती का? मग तू बोलली का नाहीस?”

तिनं हातातली मिरची टोपलीत टाकली, दुसरी उचलली.

“मला कोणी विचारलं नाही.”